एकच आकार, दोन रंग: मित्रमंडळींसाठी सिनेमाच्या पोस्टरचा खेळ

आम्ही मित्रमंडळी सिनेमांची मिनिमल, म्हणजे कमीत कमी आकार आणि रंगांची, पोस्टरं करतो. त्या खेळात एक नियम हलत नाही: सगळ्यांनी एकाच सिनेमाचं पोस्टर करायचं. ज्याला जो आवडेल तो सिनेमा घ्या म्हटलं, की प्रत्येक जण आपल्या लाडक्या सिनेमाची आरती ओवाळतो आणि बाकीचे अंगठा दाखवून मोकळे होतात. सिनेमा एकच असला की बघण्यातला फरक समोर येतो. ‘जैत रे जैत’ सगळ्यांनीच पाहिलेला असतो. पण रविवारी रात्री पोस्टरं शेजारी शेजारी लागली की दिसतं, एकाला त्यातला डोंगर भावला होता, दुसरीला डोळा, तिसऱ्याला ढोल. त्यावर जी चर्चा रंगते तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

मी कोल्हापुरात एका छापखान्यात डीटीपी करते, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडते. खेळात बँकेत नोकरी करणारा माझा मावसभाऊ आहे, आर्किटेक्चर शिकणारी भाची आहे, शाळेतले चित्रकलेचे सर आहेत, पुण्याला गेलेली एक वर्गमैत्रीण आहे. चित्र काढता येणारे यात निम्मेही नाहीत आणि त्यानं काही अडत नाही. गोल, रेघ, त्रिकोण एवढं कापता आलं तरी पुरतं. सिनेमा मात्र नीट पाहिलेला पाहिजे.

आधी नियम ठरवून घ्या

नियम थोडे ठेवा, पण ते सगळ्यांनी पाळायचेच.

नटनट्यांचा चेहरा नको. फोटो नको, फोटोवरून गिरवलेलं चित्रही नको. चेहरा आला की बघणारा नटाला ओळखतो आणि तिथंच थांबतो, सिनेमापर्यंत पोचतच नाही.

कागदाचा रंग सोडून दोनच रंग. छटा चालणार नाहीत, रंग सपाट हवा.

चित्र म्हणून एकच आकार. दोन वस्तू दाखवायच्या असतील तर त्या एकाच आकारात सामावल्या पाहिजेत. ते कसं साधायचं हे पुढं सांगते.

अक्षरं म्हणजे सिनेमाचं नाव, दिग्दर्शकाचं नाव आणि साल. बाकी एक ओळ नको.

मुदत आठ दिवसांची. रविवारी सिनेमा जाहीर, पुढच्या रविवारी रात्री नऊला पोस्टरं जमा. दर फेरीला एक जण ‘गोळा करणारा’ असतो. सगळ्यांनी आपापली पोस्टरं त्याच्या एकट्याकडं पाठवायची आणि त्यानं करणाऱ्यांची नावं न लावता सगळी एकदम ग्रुपवर टाकायची. कुणी बुधवारीच आपलं पोस्टर ग्रुपवर टाकलं की उरलेल्यांची डोकी त्याच दिशेनं चालायला लागतात, म्हणून ही व्यवस्था. प्रत्येकानं दोन प्रती पाठवायच्या, एक सिनेमाच्या नावासकट आणि एक त्या नावाशिवाय. बिननावाची आधी लावायची.

नंबर काढू नका. पहिला-दुसरा आला की लोक जिंकण्यापुरतं काम करतात, आणि हरलेला माणूस तिसऱ्या फेरीला ‘वेळ नाही’ म्हणतो. पुढचा सिनेमा कुणी निवडायचा ते पाळीपाळीनं ठरतं.

सिनेमातला तो एक आकार शोधणं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. आठ दिवसांतले पाच यातच गेले तरी चालतील. संगणकाला त्याआधी हात लावू नका.

सिनेमा पूर्वी पाहिलेला असला तरी पुन्हा बघा. आठवणीतून काढलेलं पोस्टर हे बहुतेक वेळा त्या सिनेमाच्या जुन्या पोस्टरचंच पोस्टर होतं. बघताना शेजारी वही ठेवा आणि दिसतील त्या वस्तू लिहीत जा. वस्तूच लिहा. ‘अन्याय’, ‘एकटेपणा’ असलं काही लिहू नका, कारण अन्यायाचं चित्र काढायला बसलं की हात आपोआप तराजूकडं जातो. तांब्या, खिडकीचा गज, फाइलीची नाडी, चप्पल असं लिहा. वीसेक वस्तू झाल्या पाहिजेत. मग ज्या वस्तू दुसऱ्या कुठल्याही सिनेमाच्या पोस्टरवर चालल्या असत्या, त्या खोडा. बंदूक, गुलाब, फुटलेली काच, रक्ताचा थेंब, हातकडी हे सगळं जातं. राहतं ते थोडंच असतं, आणि तुमचं पोस्टर त्यातच कुठंतरी असतं.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’, 2014 सालचा. एका म्हाताऱ्या शाहिरावर खटला भरलाय. त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप. नाव ‘कोर्ट’ म्हटल्यावर यादीत आधी काय येणार ते उघड आहे: तराजू, डोळ्यांवर पट्टी बांधलेली देवी, लाकडी हातोडा. हातोडा तर आमच्याकडं हमखास येतो, आणि आपल्या कोर्टात न्यायाधीश हातोडा आपटतच नाहीत. तो परदेशी सिनेमा-मालिकांतून आपल्या डोक्यात बसला आहे. म्हणजे हातोडा काढणाऱ्यानं हा सिनेमा पाहिला नाही, दुसराच पाहिला.

खोडाखोड झाल्यावर मागं राहतात शाहिराचं वाद्य, गटाराचं झाकण, फायलींचे गठ्ठे, बाकडी, पंखा. आता यांच्याकडं वस्तू म्हणून न बघता नुसता आकार म्हणून बघायचं. डफ गोल. गटाराचं झाकणही गोल. इथं काहीतरी हाताला लागलं. एक मोठा गोल काढा. त्याला जाड कड द्या, डफाच्या लाकडी कड्यासारखी. आतला भाग कोरा ठेवा आणि त्यात समोरासमोर दोन लहान भोकं काढा, झाकण उचलायला आकडा घालतात तशी. एवढंच. कड डफाची आणि भोकं झाकणाची. गाणारा आणि गटारात उतरणारा अशी दोन माणसं एका गोलात आली, आणि खटला ज्या दोघांना जोडतो तेच दोघे आले. हा गोल कागदाच्या मधोमध ठेवला तर तो नुसता छाप वाटतो. खालच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवला की जमीन तयार होते आणि झाकण जमिनीवर पडलेलं दिसायला लागतं. वर सगळा कागद मोकळा.

दोन वस्तूंचा एक आकार तो असा. प्रत्येक सिनेमात तो मिळतोच असं नाही, आणि ओढूनताणून जुळवलेला आकार लगेच ओळखू येतो. जुळवून सांगावं लागलं की समजा, तो सोडलेला बरा.

दुसरी युक्ती म्हणजे यादीतली वस्तू खरी कशी दिसते ते जाऊन बघणं. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’मध्ये (1977, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा) ठाकरवाडीतला नाग्या लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीशी वैर धरतो. पहिल्यांदा जवळजवळ सगळ्यांनी षट्कोन काढले, मधाच्या बाटलीवर असतात तसे. चित्रकलेच्या सरांनी विचारलं, “कड्यावरचं मोहोळ कुणी पाहिलंय का?” आग्या मोहोळ पेटीत नसतं. कड्याच्या पोटाखाली, उघड्यावर, एकच मोठी पोळी लटकत असते आणि लांबून तिचा आकार अर्ध्या चंद्रासारखा दिसतो. वर सरळ कड, खाली गोलाई. हा आकार एकदा कळल्यावर षट्कोनाकडं कुणी वळून पाहिलं नाही. शिवाय अर्धा चंद्र म्हणजे अर्धवट मिटलेला डोळाही होतो, आणि मधमाश्यांनी नाग्याचा डोळा नेला हे सिनेमा पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. पिवळ्या कागदावर काळा अर्धगोल, वरून लटकलेला. भाचीनं हे केलं तेव्हा मी छापखान्यातच ते ए-थ्रीवर काढून घेतलं.

विनोदी सिनेमा लोकांना सोपा वाटतो, पण तोच जास्त अवघड. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) घेतला होता. मिशा आणि बांगड्या हे पहिलं उत्तर, अर्धी मिशी-अर्धी टिकली हे दुसरं. मावसभावानं दारावरची नावाची पाटी केली, ‘धनंजय माने’. ग्रुपवर हशा पिकला, कारण ती पाटी दिसल्याबरोबर पुढचा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडून आपोआप निघतो. पण ते पोस्टर फक्त माहीत असणाऱ्यांसाठी होतं. ज्यानं सिनेमा पाहिला नाही त्याला ती कुणाच्याही दारावरची पाटी. वर्गमैत्रिणीचं मला जास्त पटलं: बंद दाराबाहेर चपलांचे चार जोड, दोन पुरुषांचे, दोन बायकांचे, आणि चारही जोड एकाच मापाचे. आधी काही कळत नाही. मग माप लक्षात येतं आणि भाड्याच्या घरासाठी चाललेली सगळी बनवाबनवी त्या दोन मोठ्या सँडलमध्ये दिसते. ‘एकच आकार’ या नियमात ते बसतं का यावर वाद झाला. मी म्हणते बसतं, कारण चपलांची ती एक ओळ म्हणजेच एक आकार आहे.

त्यावरून कसोटी ठरली ती अशी: बिननावाचं पोस्टर सिनेमा पाहिलेल्यानं ओळखावं, आणि न पाहिलेल्यानं ‘हे काय असेल?’ म्हणून थांबावं. दोन्ही व्हायला हवं. नुसतं पहिलं झालं तर ती खूण झाली, नुसतं दुसरं झालं तर कोडं.

शेवट फोडू नका. पोस्टर हे सिनेमा बघायला बोलावणारं चित्र आहे. शेवटच्या दृश्यातली वस्तू घ्यायचीच असेल तर ती अशी घ्या की सिनेमा पाहिल्यावरच तिचा अर्थ उलगडेल.

दोनच रंग का

आमच्या गावात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरं चित्रकाराच्या हातानं केली. 1924 सालच्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या चित्रमय पोस्टरांत धरलं जातं. पुढं हिंदी सिनेमाची पोस्टरं चेहरे, आग, घोडे, अश्रू यांनी भरून वाहू लागली. दिवाकर करकरे यांच्यासारख्यांनी त्यात जे जोरकस काम केलं ते मला फार आवडतं. मिनिमल म्हणजे त्या भरगच्चपणाला नावं ठेवणं नव्हे. नाक्यावरून जाणाऱ्या माणसाला थेटरात ओढायचं हे त्या पोस्टरचं काम होतं आणि त्यांनी ते चोख केलं.

दुसरी वाट बाहेरच्या देशांत निघाली, आणि तिच्यात टंचाईचा मोठा वाटा होता. क्यूबात 1959 साली सरकारी सिनेसंस्था स्थापन झाली आणि तिची पोस्टरं स्क्रीन प्रिंटिंगनं निघू लागली. कागद, शाई सगळ्याचीच ओढ. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, वेगळा हात मारावा लागतो, मागचा रंग वाळेपर्यंत थांबावं लागतं. रंग कमी तितकं काम सुटसुटीत. पोलंडमध्ये युद्धानंतर सिनेमाचं वितरण सरकारच्या हाती गेलं, नटांचे चेहरे विकायची गरज उरली नाही, आणि पोस्टरं चित्रकारांकडं आली. अमेरिकेत सॉल बास यांनी ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’साठी (1955) नशेत अडकलेल्या नायकाची खूण म्हणून एक वाकडातिकडा काळा हात ठेवला, आणि ‘ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर’साठी (1959) तुकडे तुकडे केलेली एक सपाट आकृती. कलकत्त्यात सत्यजित राय आपल्या चित्रपटांची पोस्टरं आणि त्यांची अक्षरं स्वतः करत. ही कामं आधी बघून घ्या, पण सिनेमा जाहीर झाल्यानंतर नको. आठवडाभर दुसऱ्याची पोस्टरं चाळली की आपल्या यादीतली वस्तू मागं पडते.

छापखान्यात सिंगल कलर जॉब (एकाच शाईत छापलेलं काम) आणि फोर कलर जॉब (चार शायांचं काम) यातला फरक मी रोज बघते. सिंगल कलरमध्ये काही लपवता येत नाही. रेघ वाकडी असेल तर वाकडीच दिसते. म्हणून खेळात दोन रंगांची अट आहे.

रंग सिनेमातून घ्या. भयपट म्हणून काळा-लाल, प्रेमकथा म्हणून गुलाबी, असं करू नका. सिनेमातल्या मातीचा, भिंतीचा, साडीचा, उन्हाचा एक रंग पकडा. कागद हा तिसरा रंग आहे हे विसरू नका: पांढऱ्याऐवजी किंचित पिवळट कागद धरला (छपाईच्या सायन, मॅजेन्टा, यलो, ब्लॅक या चार शायांपैकी यलो 8 ते 10 टक्के) की काळा मऊ होतो. हळदीसारखा पिवळा हवा तर यलो 100, मॅजेन्टा 25 यापासून सुरुवात करा. मोठा सॉलिड काळा छापायचा असेल तर नुसता ब्लॅक 100 ठेवल्यास तो राखाडी, विटलेला दिसतो. त्याखाली सायन 40 टाका, गडद भरतो. बारीक अक्षरांना मात्र हे करू नका, रजिस्ट्रेशन, म्हणजे एका शाईवर दुसरी शाई नेमकी बसणं, जरा हललं तरी अक्षराला निळी कड येते. आणि मोबाइलच्या पडद्यावर चमकणारा पोपटी किंवा जांभळा छापून तसा येणार नाही. छापायचं असेल तर सुरुवातीपासून फाइल सीएमवायकेमध्येच, म्हणजे त्याच चार शायांच्या हिशेबात, करा.

कात्री, मग संगणक

घोटीव कागद किंवा जुनी कार्डशीट घ्या आणि आकार कात्रीनं कापा. पेन्सिलीनं काढायला बसलं की माणूस बारकावे भरत जातो, केस, सुरकुत्या, सावल्या. कात्री बारकावे भरूच देत नाही. कापलेला तुकडा ए-फोर कागदावर सरकवत बसा: वर, खाली, कडेला अर्धा बाहेर. प्रत्येक जागेचा मोबाइलवर फोटो काढा. कागदाचा मोजून काढलेला मध्य डोळ्याला नेहमी थोडा खाली घसरलेला वाटतो, म्हणून मधोमध ठेवायचं असेल तर किंचित वर ठेवा. आकार मोठा करायची भीती बाळगू नका. मधल्या मापाचा आकार सगळ्यात वाईट, तो ना कागद भरतो ना कागद मोकळा सोडतो.

जागा ठरली की त्या तुकड्याचा फोटो संगणकात घ्या आणि त्यावर आकार नीट करा. छापखान्यात आम्ही कोरल हे आकार काढायचं सॉफ्टवेअर वापरतो. फुकटात हवं असेल तर इंकस्केप पुरेसं आहे, त्यात आकार कितीही मोठा केला तरी फाटत नाही. मोबाइलवर करणारेही आहेत आमच्यात आणि त्यांची पोस्टरं कुठं कमी पडत नाहीत. माप ए-थ्री ठेवा, म्हणजे 297 बाय 420 मिलिमीटर. पिक्सेलमध्ये काम करत असाल तर 300 डीपीआयला ते 3508 बाय 4961 होतं. कटिंगसाठी चारी बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग, सोडा, रंग कडेपर्यंत जात असेल तर हे विसरून चालत नाही.

पाठवण्याआधी पोस्टर तिकिटाएवढं लहान करून बघा. आकार ओळखू आला पाहिजे. मग उलटं करून बघा, तोल कुठं जातो ते कळतं.

अक्षरं

माझा जीव इथं अडकतो, म्हणून थोडं सविस्तर.

लोक चित्रावर चार दिवस घालवतात आणि नाव शेवटच्या पाच मिनिटांत पहिल्या दिसलेल्या फॉन्टमध्ये टाकतात. एवढ्या मोकळ्या कागदावर नाव हाच दुसरा आकार असतो. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं जुन्या वर्तमानपत्रांत मिळाली तर जरूर बघा. नाटकाचं नाव वाचायच्या आधी नाटकाचा स्वभाव कळतो.

देवनागरीला शिरोरेषा आहे, ती पोस्टरमध्ये वापरून घ्या. ‘जैत रे जैत’मध्ये भाचीनं नाव अर्धगोलाच्या वर ठेवलं आणि शिरोरेषा कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाढवली. तीच कड्याची धार झाली. अक्षरं आणि मोहोळ दोन्ही तिच्याखाली लटकली, आणि जै-रे-जैच्या मात्रा तेवढ्या वर उडाल्या. नाव आणि चित्र वेगळं काढताच येईना. याच्या उलट ‘कोर्ट’ला नाव अगदी लहान ठेवणं चांगलं, डाव्या कोपऱ्यात, फाइलीवर खटल्याचा नंबर टाकतात तसं.

काही गोष्टी कटाक्षानं टाळा. अक्षरांमधली जागा वाढवू नका. इंग्रजीत ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि अक्षरं दात पडल्यासारखी दिसतात. जागा भरण्यासाठी नाव आडवं ताणू नका, उभ्या रेघा जाड होतात आणि आडव्या तशाच राहतात. रफार, मात्रा, अनुस्वार वर जातात आणि उकार खाली उतरतात, म्हणून दोन ओळींत नाव असेल तर ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो.

फॉन्ट फुकट मिळतात आणि चांगले मिळतात. मुक्ता आणि बलू हे ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे, खंड आणि रोझा वन हे ‘इंडियन टाइप फाउंड्री’ या दुसऱ्या संस्थेचे. खंड उभट आणि ठोस आहे, लांब नावाला बरा पडतो. रोझा वनमध्ये जाड-बारीक रेघांचा मोठा फरक आहे, जुन्या काळच्या सिनेमाला शोभतो. मोदक इतका गुबगुबीत आहे की विनोदी सिनेमाशिवाय वापरू नये. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी घ्या. पुष्कळ फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात आणि मराठी सिनेमाच्या नावात ती डोळ्याला खुपतात. नाव लहान असेल तर फॉन्टच नको, कागद कापूनच अक्षरं करा.

फोटोशॉपच्या काही जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते. प्रत्येक अक्षर वाचून बघा. छापखान्यात फाइल देताना अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार करून, द्या (इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’). श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये नाव टाइप केलं असेल आणि समोरच्याकडं तो फॉन्ट नसेल, तर नावाच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात.

रविवारची रात्र

बिननावाची पोस्टरं आली की प्रत्येकानं प्रत्येक पोस्टरबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, याच क्रमानं: आधी नजर कुठं गेली, सिनेमातलं काय आठवलं, आणि यातलं काय काढलं तरी चालेल. ‘मस्त’, ‘भारी’, ‘एक नंबर’ चालत नाही, त्यातून करणाऱ्याला काही मिळत नाही. करणाऱ्यानं सगळ्यांचं बोलून होईपर्यंत गप्प बसायचं. पोस्टर समजावून सांगायला तो नाक्यावर उभा राहणार नाही.

तिसऱ्या प्रश्नानं खरं काम होतं. ‘कोर्ट’च्या एका पोस्टरवर गोलाभोवती पाण्याचा ओघळही होता. चौघांनी तोच काढा म्हटलं. काढल्यावर गोल मोठा दिसायला लागला, माप न बदलता.

दर फेरीला सिनेमा न पाहिलेल्या एकाला बोलवा. शेजारच्या काकू, ऑफिसातला कुणी, कुणाची आई. माझ्या आईला ‘कोर्ट’चा गोल दाखवला तेव्हा ती म्हणाली, “वाजवायचं दिसतंय, पण भोकं का पाडलीत? आवाज निघायचा नाही.” तिनं सिनेमा पाहिला नव्हता. त्या रात्री पाहिला.

मतं ऐकून झाल्यावर दोन दिवस द्या आणि सुधारलेली प्रत पुन्हा मागवा. पहिली आणि दुसरी प्रत शेजारी ठेवली की नवखा माणूसही एका महिन्यात तरबेज होतो. आवडलेली पोस्टरं 250 किंवा 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला तितके ग्रॅम, म्हणजे जाडसर) मॅट कागदावर डिजिटल प्रिंट काढून घ्या, ग्लॉसी कागदावर सपाट रंगात ट्यूबलाइट चमकते. घरात लावा, एकमेकांना द्या, ऑनलाइन टाकताना ‘चाहत्यानं केलेलं’ असं स्पष्ट लिहा. विकायचा विचार असेल तर आधी निर्मात्यांची परवानगी लागेल, आणि बॅनरचं बोधचिन्ह तर कधीच वापरू नका.

पहिल्या फेरीला प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) घ्या, असं मी सुचवेन. गोष्ट सगळ्यांना माहीत असते, त्यामुळं लगेच कामाला लागता येतं. वीणा, टाळ, पागोटं, गंध हे सगळं पहिल्याच दिवशी खोडा, कारण ते कुठल्याही अभंगाच्या पुस्तकावर चालेल. मग उरतं पाणी आणि वही. त्यातही वही बुडताना काढायची की वर येताना, एवढं आधी ठरवून टाका. कारण पाण्याची रेघ कागदाच्या वरच्या भागात येणार की खालच्या, हे त्यावर ठरतं, आणि ती रेघ ठरल्याशिवाय नावाला जागा मिळत नाही.